कोठवर आलां?

दर रविवारी साडेतीनला शेषाद्री कुंभकोणमच्या स्टँडवर दारासुरमची टाउन बस धरत. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत छत्री, पाण्याची बाटली आणि एक जाडजूड पुस्तक. बसमधून उतरलं की पाच मिनिटांवर नित्याचं घर. ती गल्ली विणकरांची. प्रत्येक दारामागून मागाचा खटका ऐकू येई, आणि दोरीवर वाळत घातलेल्या रेशमाच्या लडी चुकवायला उंच माणसाला मान वाकवावी लागे. शेषाद्री उंच होते.

त्यांचं सारं आयुष्य आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात बियाणं तपासण्यात गेलं होतं. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, चौदा दिवसांनी त्यातले किती उगवले ते मोजायचे आणि आकडा लिहायचा. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय हाडात मुरली होती. त्यांची बायको गोमती पूर्वी थट्टेने म्हणे, "तुम्हांस देव भेटला तर आधीं त्याचीं बोटें मोजाल."

अशा माणसाचं अंतराळयानांशी आणि जादूच्या राज्यांशी काय नातं असणार? ते नातं होतं त्यांच्या मुलीचं. कीर्ति त्यांची एकुलती एक. चेन्नईच्या एका कंपनीचं काम ती घरूनच कॉम्प्युटरवर करायची आणि उरलेला सगळा वेळ कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या जगात असायची. जेवतानाही पुस्तक ताटाला टेकवलेलं. लहानपणीच्या तापात तिचा डावा कान गेला होता, म्हणून कुणी हाक मारली की ती मान वळवून उजवा कान पुढे करी. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवी, पुस्तक धरलं की वेळ आपोआप दिसावी म्हणून.

फेब्रुवारीत तिला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. चोवीस वर्षांची होती. इस्पितळातून निघताना गोमतीच्या हातात एक पिशवी आली. तिच्यात कीर्तिच्या चपला, फोन आणि वाचत असलेलं पुस्तक. घड्याळ खूप शोधलं, सापडलं नाही.

तेरावा झाल्यावर नित्या घरी आली. कीर्तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, साड्यांच्या काठांची नक्षी कॉम्प्युटरवर काढणारी. ती तमिळमध्ये म्हणाली, "अंकल, त्या रविवारी ती आम्हाला या पुस्तकाबद्दल सांगणार होती. कुठवर आली होती ती?"

शेषाद्रींनी पुस्तक उघडलं. औषधाच्या चिठ्ठीची घडी एकशे त्रेचाळिसाव्या पानात होती.

ते उत्तर सांगायला म्हणून ते पुढच्या रविवारी नित्याकडे गेले, आणि मग जातच राहिले.

कीर्ति-नित्याच्या वाचनमंडळात चौघंच होती. कीर्ति गेल्यावर तिघं उरली. नित्या, औषधांच्या दुकानात काम करणारा अरुणकुमार, आणि शाळेत विज्ञान शिकवणारी लावण्या. ओसरीवर चटई टाकून बसायचं, नित्याच्या आईच्या हातची कॉफी घ्यायची आणि आपण सध्या काय वाचतोय ते एकेकाने सांगायचं. नियम दोनच. शेवट सांगायचा नाही. आणि वाचता वाचता जिथे थांबलो असू, तिथला शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायचा.

शेषाद्रींची पाळी आली की ते दर वेळी तेच सांगत. "मी एकशे त्रेचाळीसवर आहे." तिथवरची पानं त्यांनी तीनदा वाचली होती. चिठ्ठीच्या पलीकडचं पान त्यांच्याने उलटवत नव्हतं. कुणी त्यांना घाई केली नाही.

जूनमध्ये एका रविवारी लावण्या एका राज्याची गोष्ट सांगत होती. तिथे सावल्यांचा बाजार भरतो. ज्याला आपली सावली नकोशी झाली तो ती विकून टाकतो. तिने थांबलेल्या जागेचा परिच्छेद वाचला. सौदागर दुकान आवरत असतो. पलीकडच्या पायरीवर एक अनवाणी मुलगी उभी असते. सौदागर तिला काही विचारतो, तेव्हा ती मान वळवून एक कान पुढे करते, मनगटाच्या आतल्या बाजूला बघते आणि काही न बोलता निघून जाते.

"कोण ती?" अरुणने विचारलं.

"माहीत नाही. पुढच्या पानावर ती नाहीच."

शेषाद्रींनी कॉफीचा पेला खाली ठेवला. एक कान पुढे करून ऐकणारी माणसं जगात पुष्कळ असतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बसमध्येही तेच सांगितलं. घरी पोचेपर्यंत त्यांना ते पटलंही.

दोन आठवड्यांनी नित्याची पाळी होती. तिची तमिळ कादंबरी एका उलट्या नदीची होती. समुद्रातून निघून डोंगर चढत जाणारी नदी. नावाडी नाव बांधतो तिथे नित्या थांबली होती. काठावर एक मुलगी नावेची वाट बघत उभी. पायात काही नाही, टाचांना भेगा पडलेल्या. नावाडी म्हणतो, आज नाव जाणार नाही. ती उजवा कान त्याच्याकडे करते, मनगट उलटं करून बघते आणि पाण्यापाशीच बसते.

वाचताना नित्याचा आवाज जराही हलला नाही. तिच्या काहीच लक्षात आलं नव्हतं. लावण्याच्याही नाही. शेषाद्रींनी सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले.

त्या रात्रीपासून त्यांनी एक वही केली. तारीख, कुणाचं पुस्तक, कितवं पान, मुलगी कुठे उभी, काय करते. जुलै संपेपर्यंत पाच नोंदी झाल्या. पुस्तकं निराळी, लेखक निराळे, भाषा निराळ्या. मुलगी मात्र एकच. आणि ती फक्त तिथेच दिसे जिथे वाचणारा थांबलेला असे. पुढे वाचायला घेतलं की गोष्ट तिच्याविना चालू राही, जशी काही ती कधी आलीच नव्हती. तिचे पाय मात्र पुस्तकागणिक अधिक फाटत चालले होते. पाचव्या नोंदीत, बर्फावरून चालताना, तिच्या मागे लाल ठसे उमटत होते.

ते ऐकून शेषाद्री ओसरीवरून उठले आणि गल्लीत जाऊन उभे राहिले. नित्या पाणी घेऊन आली. "अंकल, बरं वाटत नाही का?"

"उकडतंय," ते म्हणाले.

मोजणारा माणूस तेवढ्यावर थांबणार नव्हता. त्यांनी लावण्याकडून तिचं ते सावल्यांच्या बाजाराचं पुस्तक मागून आणलं, आणि त्याच पुस्तकाची, त्याच छपाईची दुसरी प्रत पुस्तकांच्या दुकानातून आणली. दुपारी खिडकीशी बसून दोन्ही प्रतींचं एकशे अठ्ठ्याऐंशीवं पान शेजारी शेजारी ठेवलं. लावण्याच्या प्रतीत मुलीच्या सात ओळी होत्या. नव्या प्रतीत मुलगी नव्हती.

मग नव्या प्रतीत त्या सात ओळींच्या जागी दुसरं काय होतं? त्यांनी पट्टी धरून एकेक ओळ ताडून पाहिली. काहीच जास्त नव्हतं, काहीच गाळलेलं नव्हतं. दोन्ही पानं एकाच शब्दाने सुरू होत होती आणि एकाच शब्दावर संपत होती. त्यांनी ओळी मोजल्या. इकडे चौतीस. तिकडेही चौतीस. पुन्हा मोजल्या, बोटाने, पेन्सिलीने, उलट्या क्रमाने. चौतीस आणि चौतीस.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आकडा बरोबर येऊन काही कळलं नाही.

ऑगस्टमधल्या दुसऱ्या रविवारी पाऊस भुरभुरत होता. अरुणकुमारची पाळी. तो यानांशिवाय काही वाचत नसे. त्याच्या इंग्रजी कादंबरीत एक जहाज चारशे वर्षं चाललेलं. माणसं त्यातच जन्मतात, त्यातच मरतात. जहाजाच्या तळाशी, जिथे कुणी राहत नाही, तिथून पहारेकऱ्याला एका मुलीचा आवाज येतो.

"आणि इथे लेखकाने कमाल केलीय," अरुण उत्साहाने म्हणाला. "त्या मुलीसाठी त्याने नवीनच भाषा बनवलीय! अर्थ कुठेच दिलेला नाही. मी नेटवरही शोधलं, कुणाला काही माहीत नाही. ऐका हं." त्याने चष्मा सारखा केला आणि परक्या अक्षरांतून एकेक तुकडा जुळवत वाचलं, "कोट-वर आलाम. मी आहेम एतेंच."

"गोड वाटते ऐकायला," लावण्या म्हणाली. "पुन्हा वाच."

अरुणने पुन्हा वाचलं. नित्याने ते शब्द आपल्या वहीत उतरवून घेतले.

शेषाद्रींना ते शब्द कळले. ती भाषा कुणी बनवलेली नव्हती. ती मराठी होती; साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज ती तंजावरला घेऊन आले होते. पुण्याच्या पाहुण्यांना ती पोथीतली वाटायची आणि बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये चालायचा, म्हणून ती आता तीन-चार खोल्यांच्या घरात उरली होती. संध्याकाळी आडुतुरैहून निघायला उशीर झाला की कीर्ति फोन करी आणि हेच विचारी.

कोठवर आलां? मी आहें येथेंच.

त्या संध्याकाळी त्यांनी गोमतीला सगळं सांगितलं. वही दाखवली, दोन्ही पुस्तकं दाखवली. ती देवापुढे फुलं गुंफत होती. तिने वहीला हात लावला नाही.

"ती वाट पाहते आहे," शेषाद्री म्हणाले. "अनवाणी आहे ती, गोमती."

गोमतीच्या बोटांतला दोरा थांबला. "तिच्या चपला मीच आणिल्या ना घरीं," ती म्हणाली. "माझ्या हातांनी आणिल्या." मग दोरा बोटाला गुंडाळत, "सहा महिने झाले मीं बाहेर पाऊल टाकिलें नाहीं. मला ठाऊक आहे ती कोठेंच नाहीं. तुम्हीं मला पुन्हा तिची वाट पाहायास नका लावूं."

"पण तिने विचारिलें..."

"मग सांगा तिला," गोमती म्हणाली. "सांगा, आणि सोडा तिला."

ती रडली नाही. अर्धा हार तसाच ताटलीत ठेवून ती आत गेली.

शेषाद्री रात्रभर तेच घोळवत राहिले. सांगायचं कसं? ती दिसते ती वाचणारा थांबतो तिथे. मग तिला थांबवून कुणी ठेवलंय? सहा महिने दर रविवारी चटईवर बसून एकच पान सांगणारा माणूस तर एकच होता.

सकाळी अंघोळ करून ते पुस्तक घेऊन बसले. औषधाची चिठ्ठी काढली, घडी न उलगडता खिशात ठेवली आणि पान उलटलं.

दोन दिवस ते वाचत होते. दोन चंद्रांच्या मुलखातली एक राणी आपलं हरवलेलं नाव शोधत फिरते, अशी ती गोष्ट होती. बरीचशी त्यांना कळली नाही. पण काही ठिकाणी त्यांना कळे की इथे कीर्ति हसली असती, इथे तिने पुस्तक मिटून क्षणभर छताकडे बघितलं असतं. शेवटचं पान बुधवारी दुपारी आलं. राणीला नाव सापडतं. शेषाद्रींनी पुस्तक मिटलं, छातीशी धरलं आणि मोठ्याने, आपल्या भाषेत म्हणाले, "आलों, बाळे. शेवटपर्यंत आलों."

रविवारी त्यांनी मंडळाला सांगितलं, "पुस्तक संपलं." नित्याने त्यांचा हात हातात घेतला. लावण्याने डोळे पुसले. अरुणने आपला परिच्छेद वाचला. त्यात मुलगी नव्हती.

लावण्याच्या परिच्छेदात नव्हती. नित्याच्याही नव्हती.

पुढच्या रविवारीही नव्हती.

सुटली असेल, असं ते मनाला समजावत. पण बसच्या खिडकीत बसलं की दुसरंच मनात येई. फेब्रुवारीत पोर एकदा गेली होती. आता आपल्या हातांनी ती दुसऱ्यांदा घालवली, असं वाटे. उलट्या नदीच्या काठी, बर्फात, जहाजाच्या तळाशी का होईना, ती होती. दर रविवारी तिची खबर येत होती. त्यांनी नवं पुस्तक आणलं आणि मुद्दाम अर्ध्यात थांबून पाहिलं. दहाव्या पानावर थांबले, पन्नासाव्या पानावर थांबले, वाक्याच्या मध्येच थांबले. ती आली नाही.

घरात मात्र काहीतरी सैल होत होतं. गोमतीने कीर्तिच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. एका सकाळी ती शेजारच्या शिवकामीबरोबर बाजारात जाऊन विड्याची पानं घेऊन आली. शेषाद्री ते बघत होते, आणि आपल्याला त्याचा आनंद का होत नाही, याची त्यांना लाज वाटत होती.

ऑक्टोबरचा पहिला रविवार. अरुण आला नव्हता. ओसरीवर तिघंच. मागच्या खोलीत नित्याच्या वडिलांचा माग चालू होता.

"मी नवीन घेतलंय," नित्या म्हणाली. "मेल्यानंतरच्या शहराची गोष्ट आहे. पण भीतीदायक नाही हं, अंकल. फार शांत आहे. लोक दुकानं उघडतात, झाडांना पाणी घालतात." तिने पुस्तक उघडलं. "इथवर आलेय."

तिने वाचायला सुरुवात केली. शहराच्या वेशीवर एक मुलगी रोज येऊन बसायची. आज ती बसलेली नव्हती, चालत होती. पायांत चपला होत्या.

शेषाद्री पुढे सरकले.

आज ती एकटीही नव्हती. तिच्या उजव्या बाजूने एक उंच, म्हातारा माणूस चालत होता. तो बोलत होता आणि ती हसत होती. त्याच्या अंगात मोहरीच्या फुलांच्या रंगाचा शर्ट होता. शर्ट इतका नवा, की घडीच्या रेघा पाठीवर अजून उमटलेल्या होत्या.

"इथेच थांबले," नित्या म्हणाली. पुस्तक मिटवून ती हसली. "उगाचच बरं वाटलं मला. त्या मुलीला कुणीतरी भेटलं."

शेषाद्रींनी स्वतःकडे पाहिलं. पांढरा शर्ट. तीस वर्षं ते पांढऱ्याशिवाय काही घालत नव्हते. कपाटात सात होते, सातही पांढरे. म्हणजे तो दुसराच कुणी असणार. कुणी भला माणूस, वाटेत भेटलेला. असूदे. कुणी का असेना, पोरीला सोबत मिळाली.

बसमध्ये बसल्यावर आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय की मत्सर वाटतोय, हे त्यांना ठरवता येईना.

घरी दिवे लागले होते. स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा वास येत होता. किती महिन्यांनी गोमतीने फोडणीचं काही केलं होतं. ती बाहेर आली ती पदराला हात पुसत, आणि तिच्या चेहऱ्यावर जरा लाजल्यासारखं काहीतरी होतं.

"शुक्रवारीं तुम्हांस साठ पुरीं होतात," ती म्हणाली. "होम-बीम कांहीं नको म्हणालां, तें खरें. पण मीं शिवकामीला घेऊन दुकानांत गेलें होतें. रागावूं नका."

तिने पलंगावरची पिशवी उघडली.

"नेहमीं पांढरें, नेहमीं पांढरें. म्हटलें, एकदां तरी रंग असो." तिने शर्ट त्यांच्या छातीला लावून पाहिला, खांद्याशी सारखा केला. त्याचा पिवळा रंग दिव्याच्या उजेडात गडद दिसत होता. "कसा आहे?"

शेषाद्रींनी बोटाने कापडावरची घडीची रेघ वरपासून खालपर्यंत चाचपली.

"छान आहे," ते म्हणाले.

गोमती हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. "गुरुवारीं इस्त्री करून ठेवितें."

"नको," शेषाद्री हळूच म्हणाले आणि शर्ट तिच्या हातातून घेतला. "घडी तशीच राहूं दे."